विषय क्रमांक सात

नकाशा उलगडला की टोकं वर येतात,
म्हणून एका कोपऱ्यावर शिक्का, दुसऱ्यावर पाण्याचा गडू,
तिसऱ्यावर ताराचंदजींचा हात
आणि चौथ्यावर त्यांचाच खर्रा, पन्नीत घोटून गाठ मारलेला.
असं चारी बाजूंनी दाबून धरलं तेव्हा
टेबलावर पडून राहिलं
अजून नसलेलं गाव.

रेल्वे हॉल्टपासून दोनशे दहा मीटर.
जुन्या राईस मिलचं आवार,
जिथं आज तनसाच्या ढिगावर बकऱ्या चढतात.
खाली चौदा गाळे, वर अठ्ठावीस घरं,
आणि हिरव्या पेनानं काढलेली झाडं,
सगळी एका उंचीची, सगळी गोल.
त्यातल्या एकालाही मोह म्हणता येईना, एकालाही येन.

मी बांधकाम लिपिक. बोलायचं नाही, लिहायचं.
संगीता सहा चाळीसची डेमू पकडते,
जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स आहे.
घरापासून हॉल्ट चार किलोमीटर.
पुसात धुकं असतं, तिच्या स्कुटीचा दिवा
बांध्यांमधून जाताना मी दारात उभा राहून बघतो,
विझला की वळला ते कळत नाही.
दोनशे दहा मीटर म्हणजे चालत तीन मिनिटं.
हे इतिवृत्तात येत नाही.

मुख्याधिकारी बाईंनी पार्किंगचं विचारलं.
सभापतींनी पाण्याचं: नळ येते एकाआड एक दिवस,
तिसऱ्या माळ्यावर चढन काय?
"चढवू नं जी," घोडमारे बिल्डर म्हणाले.
मुनाफभाईंनी चष्मा पुसला.
"खालच्या गाळ्यात मटणाचं दुकान चालन?"
कोणी हसलं, कोणी नकाशात खाली वाकून बघू लागलं.
"सगळं चालते," घोडमारे म्हणाले, "वास नाई आला पाह्यजे."
मी लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.

मग इंदूबाई नन्नावरे.
वॉर्ड नऊ. अडीच वर्षांत पहिल्यांदा.
त्यांनी जिन्यावर बोट ठेवलं.
"हा वळते तिथं किती जागा हाये?"
"तीन फूट, ताई. नियमात बसते."
"नियमात बसते. तिरडी वळते का?"

पंखा तेवढा बोलत राहिला.

आमच्या कार्यालयाचा जिनाही तसाच, तीन फुटी.
शिपायानं दिवाबत्तीवाल्यांची बांबूची शिडी आणली.
पुढं सभापती न् मुनाफभाई,
मागं ताराचंदजी न् घोडमारे,
माडीवरून खाली निघाले, आणि वळणावर
शिडी भिंतीत रुतली.
चुना सांडला सभापतींच्या खांद्यावर.
तिरपी केली.
"तिरपी नोका करू," खालून इंदूबाई, "पडन नं माणूस."
मग उभी केली. उभी गेली.
पण उभ्यानं कोणाला नेत नाहीत.

खाली येईपर्यंत कोणी कोणाकडं पाहिलं नाही.
शिडी परत जागेवर ठेवताना
घोडमारेंनी ती उगाच हळू ठेवली.

ठराव: वळणाची रुंदी साडेचार फूट करावी.
दोन घरं कमी होतील. सुधारित नकाशा पुढील सभेत.
सूचक इंदूबाई, अनुमोदक मुनाफभाई.
अठ्ठाविसातली ती दोन कोणती,
हे मी विचारलं नाही. अर्ज तर अजून निघालेही नाहीत.

नकाशा गुंडाळताना दिसलं,
खर्ऱ्याच्या पन्नीतून पाणी उतरलेलं,
कोपऱ्यातल्या एका झाडाचं खोड
तपकिरी होऊन रस्त्यावर आलेलं.
पुसलं नाही.

रात्री संगीताला सांगितलं, शिडीचं, चुन्याचं, सगळं.
ती पायाला तेल चोळत होती.
"स्ट्रेचर बी नाई वळत तेवढ्यात," म्हणाली.
"रोज पाह्यतो आम्ही. खुर्चीत बसवून उतरवतात जित्या माणसाले.
ते नाई विचारलं कोणी?"

रजिस्टर कपाटात होतं,
कपाटाची किल्ली माझ्या खिशात.